आठवण: बैठकीआधी एवढं करून या

पुढच्या बैठकीत संभाव्यता आणि आंशिक अवकल समीकरणं (अनेक चलांवर अवलंबून राशीच्या बदलाच्या दरांची समीकरणं) यांचं नातं घेणार आहोत. गणितज्ञ श्रीनिवास वरधन यांचं काम (आबेल पुरस्कार, 2007) समजायचं तर ही पायरी चुकवता येत नाही.

0 ते 1 या रेषाखंडावर 0.3 पासून ब्राऊनियन गती (कणाची यादृच्छिक, सतत हलती वाटचाल) सुरू करा. ती 0 च्या आधी 1 ला पोचण्याची संभाव्यता किती? मग u″ = 0, u(0) = 0, u(1) = 1 हे सोडवा आणि u(0.3) काढा. दोन्हीकडे 0.3 च येतं! हेच वरच्या मितींत गणितज्ञ काकुतानी यांनी 1944 मध्ये मांडलं.

मापन सिद्धांताची (लांबी, क्षेत्रफळ, संभाव्यता मोजण्याच्या काटेकोर गणिताची) धास्ती नको, तो लागेल तिथे सांगू. कागद-पेन मात्र आणाच. नुसतं ऐकून हा विषय डोक्यात शिरत नाही.