लाल टोपण की केशरी?

महोदय,

टाइप वन मधुमेहात साखर एकाएकी कोसळली की ‘जेवण चुकलं असेल’ म्हणून विषय संपतो. सिरिंज कुणी पाहतच नाही. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटल्या ४० आणि १०० युनिट प्रति मिली अशा दोन्ही मिळतात. इन्सुलिन टोचायच्या पेनातलं काडतूस, म्हणजे औषधाची नळी, सहसा १०० चं. ४० ची सिरिंज लाल टोपणाची, १०० ची केशरी. पेन बिघडलं म्हणून काडतुसातून लाल टोपणाच्या सिरिंजने २० च्या खुणेपर्यंत औषध ओढलं, तर अर्धा मिली, म्हणजे ५० युनिट अंगात जातात. थेट अडीचपट! टोपणाचा रंग दुकानातच बाटलीवरच्या आकड्याशी ताडून घ्यावा. आणि रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात साखरपाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तिथे ग्लुकॅगॉन (रक्तातली साखर वाढवणारं औषध) किंवा शिरेतून ग्लुकोजच लागतं.

– एक औषधविक्रेता, सांगली