साहेब, आमच्या चुली विझल्या, तुमची कधी?

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

आपण मागच्या हिवाळ्यात आमच्या गावी आला होतात. आपल्याला आठवत नसेल, दिवसाला दहा गावं होतात आपली. खूण सांगते. ग्रामपंचायतीसमोर मंडप होता आणि मंडपामागून कोळशाचे ट्रक जात होते, म्हणून आपलं भाषण तीनदा थांबलं. तिसऱ्यांदा थांबलं तेव्हा आपण रुमालानं चष्मा पुसत हसून म्हणालात, "बघा, मलाही त्रास होतोय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मग आपण तीन गोष्टी कबूल केल्यात. ट्रकांसाठी गावाबाहेरून रस्ता, तोही तीन महिन्यांत. गावातल्या रस्त्यावर दिवसातून दोनदा पाणी. आणि ताडपत्री नसलेला ट्रक गावातून जाणार नाही म्हणजे नाही.

पाण्याचा टँकर अकरा दिवस आला. मला रजिस्टर लिहायची सवय आहे, म्हणून खात्रीनं सांगते, अकराच दिवस. बाकीच्या दोन गोष्टींचं काय लिहायचं?

मी चंद्रपूर जिल्ह्यातली एक आशा स्वयंसेविका. हे पत्र दवाखान्याच्या बाकावर बसून मोबाइलवर लिहिते आहे, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. माझी चौदा महिन्यांची नात आत ऑक्सिजनवर आहे. निमोनिया. तिसऱ्यांदा.

लेकरांचे श्वास मोजणं हे माझं काम आहे, साहेब. फ्रॉक वर करायचा, टायमर लावायचा आणि मिनिटभर पोटाकडे बघत राहायचं. मध्ये आईनं काही विचारलं तरी बोलायचं नाही. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६०, वर्षाच्या आतल्याचे ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. तिथवर गेले की थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. परवा रात्री नातीचे मोजले, ६२ भरले. माझंच चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजले. ६४. बरगड्यांखाली खड्डा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या. आमच्याकडच्या म्हाताऱ्या याला 'डबा झाला' म्हणतात. कोविडात मिळालेला ऑक्सिमीटर माझ्याकडे आहे, सेल मी माझ्या पैशानं घालते. त्यानं ८८ दाखवलं. १०८ ला फोन लावला, पण गाडी लांब होती, म्हणून शेजारच्या पोराच्या मालवाहू टेम्पोतून आलो. पुढे तुमचेच ट्रक. एकही बाजू देईना.

आता तुम्ही म्हणाल, लस दिली नसेल. पीसीव्हीचे, म्हणजे निमोनियाच्या लसीचे, तिन्ही डोस झालेत, दीड महिन्याचा, साडेतीन महिन्यांचा आणि नऊ महिन्यांचा. कार्ड माझ्याच हातानं भरलंय. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय तोंडात काही गेलं नाही. घरात चूल नाही. सरकारी पोस्टरवर जे जे लिहिलंय ते सगळं त्या पोरीच्या बाबतीत केलं. ते पोस्टर दारोदारी दाखवणारी बाईच तिची आजी, अजून काय पाहिजे?

२०१९ मध्ये निमोनियासाठी 'सांस' मोहीम निघाली. तेव्हापासून आम्ही बायांना बजावतो, लेकराला धुरात बसवू नका, धुरानं छाती दुबळी होते, साधी सर्दी खाली उतरते. बाया ऐकतात. कोंबडी विकून सिलिंडर आणणारी बाई माझ्या यादीत आहे. तिच्या दारासमोरून दिवसभर काय जातं ते मी एक दिवस ओट्यावर बसून मोजलं. सकाळी ६ ते १०, १४३ ट्रक. ६१ जणांची ताडपत्री फाटकी नाहीतर गायबच. चार तासांचे एवढे, तर चोवीस तासांचे साडेआठशे धरा. रात्री कमी असतील म्हणाल, तर रात्री झोपायला या आमच्याकडे. दोरीवरचं धुतलेलं लंगोट दुपारी झटकलं तर काळी भुकटी उडते. शेजारच्या सायडिंगवर, म्हणजे रेल्वेच्या मालधक्क्यावर, कोळसा उतरायला लागला की ओट्यावरचा रांजणसुद्धा झाकावा लागतो. रांजण झाकता येतो, लेकरू झाकता येत नाही.

इथले डॉक्टर तरुण आहेत. मी आशा म्हटल्यावर त्यांनी केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं. श्वासाच्या नळीला आतून बारीक लव असते. ती एकसारखी हलत कफ वर ढकलते आणि कफात अडकलेली धूळ, जंतू बाहेर जातात. कोळसा जळून निघालेला गंधकाचा वायू आणि ट्रकच्या डिझेलचा धूर त्या लवेला सुस्त करतात, नळीचं अस्तर सुजवतात. सुजलेल्या अस्तराला जंतू लवकर चिकटतात. आणि त्याहून खाली, फुप्फुसाच्या फुग्यांत, राखणदार पेशी असतात. जंतू दिसला की गिळून टाकायचा, हे त्यांचं काम. पण त्या धूळही गिळतात. काजळीचे कण पचत नाहीत, आत साचत जातात, आणि मग जंतू आला तरी त्यांच्यात गिळायची ताकद उरत नाही. मी म्हटलं, म्हणजे कोतवालाला दिवसभर झाडलोट करायला लावायची आणि रात्री चोर आला की विचारायचं, कुठे होतास? डॉक्टर म्हणाले, बरोबर.

म्हणजे जंतू तोच, जो पुण्या-मुंबईच्या लेकरांनाही येतो. त्यांचं नाक चार दिवस वाहतं. आमची ऑक्सिजनवर जातात.

याला पुरावा काय, असं तुमचे साहेब लोक विचारतात. आम्हाला एका बैठकीत विचारलंच होतं, "धुळीमुळेच झालं कशावरून?" भाचा नागपूरला शिकतो, त्यानं एक गोष्ट वाचून दाखवली. अमेरिकेत युटा नावाच्या राज्यात डोंगरांमधल्या खोऱ्यात पोलादाचा कारखाना होता. १९८६ मध्ये मालक-कामगारांच्या भांडणात तो तेरा महिने बंद पडला. कारखाना चालू असलेल्या हिवाळ्यांत श्वासाच्या आजारानं दवाखान्यात भरती होणारी मुलं बंदच्या हिवाळ्यापेक्षा दुप्पट-तिप्पट होती. जंतू काय संपावर गेले होते? लॉकडाउनात आमच्याकडेही ट्रक कमी झाले, तेव्हा माझ्या रजिस्टरात निमोनियाची दोनच नावं आहेत. कबूल आहे, तेव्हा लेकरं घरातच होती. पण एरवी तरी चौदा महिन्यांची पोर कुठे भटकायला जाते?

आणि सरकारला हे ठाऊक नाही असं मुळीच नाही. २००९ मध्ये केंद्राच्याच प्रदूषण मंडळानं देशातल्या प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी काढली, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुण घेऊन चौथं आलं. एवढे गुण आमच्या शाळेत कोणाला पडत नाहीत. डिसेंबर २०१५ मध्ये नियम आला, कोळशावरच्या वीजकेंद्रांनी दोन वर्षांत धुरातला गंधक आटोक्यात आणावा. दोन वर्षांचे २०२२ झाले. मग अ, ब, क असे गट पडले आणि पुन्हा मुदत. डिसेंबर २०२४ मध्ये आणखी तीन वर्षं. आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना गंधक काढायचं यंत्र बसवण्यातून सूटच मिळाली. आमच्यासारख्या अतिप्रदूषित भागांबद्दल काय, तर एकेक प्रकरण बघून ठरवू. मी लसीकरणाचा अहवाल एक दिवस उशिरा दिला तर गटप्रवर्तकाचा फोन येतो. यांना दहा वर्षं कोणाचा फोन आला नाही?

तुम्ही म्हणाल, ते दिल्लीचं काम. दिल्लीवाले राज्याकडे बोट दाखवतील, राज्य जिल्ह्याकडे, जिल्हा ग्रामपंचायतीकडे. सरपंचाला विचारलं तर तो म्हणतो, "ताई, ट्रक कोणाचे आहेत माहीत आहे ना?" माहीत आहे. सगळ्यांना माहीत आहे. बारीक धुळीची वर्षाची मर्यादा आपल्याकडे घनमीटर हवेत ४० मायक्रोग्रॅम, आणि जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून सांगते ५. आमची फुप्फुसं आठ पट दणकट असतात हे तुम्ही कधी तपासलंत? शिवाय मर्यादा कितीही ठेवा, मोजायला आमच्या रस्त्यावर यंत्रच नाही. मोजायचंच नाही म्हणजे कमीच भरणार.

खनिजाच्या पैशातून जिल्ह्याला निधी मिळतो. खाणीनं बाधित झालेल्या गावांचं आरोग्य आणि प्रदूषण यावर तो आधी खर्चायचा, असं नियमात आहे. माझ्या उपकेंद्रात वाफ द्यायचं मशीन नाही, ऑक्सिजनचं सिलिंडर नाही. गावाच्या वेशीवर कमान मात्र झाली. छान आहे कमान. तिच्यावरही धूळ बसते.

माझ्या यजमानांनी नऊ वर्षं सायडिंगवर हमाली केली. दोनदा टीबी झाला. त्यांच्या गोळ्या मीच द्यायचे, कार्डावर मीच सही करायचे, शेवटची सहीसुद्धा मीच केली. तेव्हा कोणाला पत्र लिहिलं नाही. नशीब म्हटलं. आमचा मोबदला चार-चार महिने अडकतो, तेव्हाही नशीबच म्हणतो. आमच्या कोळशावरची वीज तुमच्या बंगल्यात जाते आणि आमच्याकडे संध्याकाळी सहाला दिवे जातात, तेही नशीब. एवढं नशीब एका जिल्ह्यानं कुठे ठेवायचं?

लेक बाळंतपणाला आली होती, ती नंतर माझ्या आग्रहानंच राहिली. सासर दूर, जंगलाकडे, तिथे दवाखाना नाही. मी म्हटलं, माझ्याजवळ राहा, मी आशा आहे, माझं लक्ष राहील. माझं लक्ष असताना तीनदा झालं. रात्रभर या बाकावर तेच डोक्यात फिरतंय.

आज सकाळी ऑक्सिजन ९४ पर्यंत आला. दोन दिवसांनी सुट्टी देतील म्हणतात. लेकीला सांगितलंय, गावात पाय ठेवू नको, इथूनच सासरी जा. दवाखाना नाही तर नाही. मागच्या खोलीतला पाळणा मी आजच घरी गेले की सोडून ठेवणार आहे.

आपली,
एक आशा स्वयंसेविका,
जिल्हा चंद्रपूर

ता. क. : आत्ताच शेजारणीचा फोन आला. आज पहाटे रस्त्यावर पाणी मारायला टँकर आला होता म्हणे, एक नाही, दोन. तुमचा दौरा आहे का इकडे?