कौलांचीही नोंद हवी

कोकणातील कातळशिल्पांच्या जतनाविषयीचा आपला लेख वाचला. भूमिका पटली, पण जपायचे ते फक्त प्राचीनच का? १९७२च्या पुरावशेष कायद्यात पुरावशेष ठरायला वस्तूला साधारणपणे १०० वर्षे भरावी लागतात. तोवर मंगलोरी कौले उकिरड्यावर जातात. बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने मंगळुरात १८६५मध्ये कौलांचा कारखाना काढला. कौलावर कारखान्याचे नाव उमटवलेले असते. त्यावरून छप्पर कुठून आणि साधारण कधी आले, हे कळते. गवती घर कौलारू झाले ते अनेकदा मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरींवर. हे कुठल्या दप्तरात सापडणार? (पत्रे चढवताना उतरवलेली कौले मीही माडाच्या आळ्याला लावली, हे कबूल करतो.) ग्रामपंचायतीने निदान प्रत्येक छापाचे एक कौल घर क्रमांकासह राखून ठेवावे.

– एक वाचक, राजापूर