लेगगार्ड बदलताना

प्रिय विनू,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या थंडरबर्ड मोटरसायकलचा लेगगार्ड दुमडला, तरी पायाला काही झालं नाही हे वाचून जीव भांड्यात पडला. पण गार्ड गॅस मारून सरळ करून घ्यायचा विचार आधी सोडून दे. नळी एकदा दुमडली की त्या घडीपाशी ती कमजोर होते, आणि गरम करून ओढली की आणखी कमजोर. पुढच्या वेळी ती तिथेच मोडेल आणि तुटलेलं टोक तुझ्या पोटरीकडे असेल. नवीनच घे, जाड नळीचा.

पण खरेदीआधी चासी बघ. थंडरबर्डला पुढून एकच नळी खाली येते आणि इंजिन स्वतःच चासीचा भाग असतं. त्यामुळे गार्डला बसलेला मार थेट चासीत जातो. त्या नळीला पुढून आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्टी लावून फट दिसते का ते पाहा. हँडलच्या टी-खाली ही नळी जिथे वरच्या चासीला जोडलेली असते, त्या जोडापाशी रंगाला बारीक चीर गेली असेल, तर गार्ड राहू दे, आधी चांगल्या मेस्त्रीला दाखव.

सगळं ठीक असेल तर आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारं तेल मार. सकाळी गाडी डबल स्टँडवर लाव आणि इंजिनखाली लाकडी ठोकळा ठेवून जॅक नुसता टेकव, उचलू नकोस. वरचा यू-क्लॅम्प सोपा आहे. खरं काम खालचं, कारण तुझ्या गार्डचं खालचं टोक इंजिनाच्या पुढच्या माउंटिंगच्या बोल्टवर बसतं. तो बोल्ट एका बाजूने ठोकत काढताना मागोमाग त्याच जाडीची सळई सरकवत जा. नाहीतर इंजिन केसभर खाली बसतं आणि मग भोकं जुळता जुळत नाहीत.

नवा गार्ड लावलास की गार्डची पट्टी आणि इंजिन प्लेट यांच्यात फट राहते का ते बघ. हे अगदी डोळे लावून बघ. बाजारातले गार्ड दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे असतात, आणि मेस्त्री बोल्ट आवळून ती फट ओढून घेतात. तो ताण इंजिनाच्या अॅल्युमिनियमच्या कानावर, म्हणजे बोल्टाचं भोक असलेल्या भागावर येतो. कान लगेच तुटत नाही. धक्के आणि कंपनं खात महिन्यांनी तडकतो, आणि मग इंजिनच उतरवावं लागतं. फट असेल तर वायसर घालून भर. वायसर घातल्यावर बोल्ट आखूड पडला तर लांब घे, डोक्यावर 8.8 हा मजबुतीचा आकडा लिहिलेला. नट नवा नायलॉक (आत नायलॉनची रिंग असलेला, आपोआप सैल न होणारा), आणि त्याच्या बाहेर दोन आटे दिसले पाहिजेत.

आधी सगळे नट हाताने लाव. मग खालचा बोल्ट सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कने, म्हणजे तिथे दिलेल्या पिळाच्या जोराने आवळ आणि शेवटी क्लॅम्पचे दोन्ही नट आलटून पालटून. आट्यांना तेल लावू नकोस. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांसाठी असेल, तर तेलामुळे त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो. क्लच केबल किंवा हॉर्नची वायर क्लॅम्पखाली दबली नाही ना, तेही बघ.

मग गाडीवर बस, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळव, पुढचा ब्रेक धरून फोर्क जोरात दाब. मडगार्ड गार्डला लागता कामा नये. तुझे ते जाड बूट घालून गिअर आणि मागचा ब्रेकही दाबून पाहा.

शंभरेक किलोमीटर झाले की सगळे नट पुन्हा तपास. आणि जुना गार्ड भंगारात देण्याआधी मधोमध कापून दे, म्हणजे सरळ करून कुणाच्या गाडीला लागणार नाही.

तुझा,
मिलिंद