माझं पालथं पॅनेल कोणत्या विक्रमात मोजलंय, ऊर्जामंत्री महोदय?

मा. ऊर्जामंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

परवा सकाळी गव्हाला पाणी द्यायचं म्हणून भाड्याच्या डिझेल इंजिनाचं हँडल मारत होतो, तेवढ्यात खिशातला फोन वाजला. संदेश होता, 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.' मान वर करून बघितलं. विहिरीच्या पलीकडं माझ्या सौर पंपाची सात पॅनेल मे महिन्यापासून जशी पालथी पडलीत तशीच होती. लोखंडी सांगाड्यातून गाजरगवत कमरेएवढं वर आलंय. त्याच जागी उभं राहून मी तो संदेश तीनदा वाचला. हे पत्र त्या दिवशीच लिहायला घेतलं.

याच, म्हणजे 2025 च्या डिसेंबरच्या सुरुवातीला छत्रपती संभाजीनगरात मोठा सोहळा झाला. महिनाभरात 45,911 सौर कृषी पंप बसवले म्हणून आपल्या राज्याचं नाव गिनीजच्या पुस्तकात गेलं. आपलं अभिनंदन. पंप बसले यावर माझा विश्वास आहे, कारण माझाही असाच झटक्यात बसला होता. पण आधी बसलेल्यांपैकी आज किती चालू आहेत, हे त्या सोहळ्यात कुणी सांगितलं का? मला तरी कुठं वाचायला मिळालं नाही.

मी सौर का घेतला ते आधी सांगतो. आमच्याकडं शेतीची थ्री फेज लाइट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा आला की वडील कंदील आणि काठी घेऊन दारं धरायला, म्हणजे वाफ्यांना पाणी सोडायला जायचे. पौषातल्या एका रात्री दोन वाजता वाफ्यात घोणस चावली. बैलगाडीतून रस्त्यापर्यंत, तिथून जीपमधून तालुक्याला नेलं. जीव वाचला, उजव्या पायाची दोन बोटं गेली. अजूनही ते चप्पल घालताना भिंतीला हात लावतात. म्हणून सरकारच्या 'मागेल त्याला सौर कृषिपंप' योजनेचं ऐकलं तेव्हा घरात पहिल्यांदा वडीलच म्हणाले, "घे बाबा, उन्हात पाणी देता येईल."

चार एकर रान, म्हणून पाच एचपी मंजूर झाला. पंपाच्या किमतीतला दहा टक्के हिस्सा भरायला 2024 च्या दिवाळीत सोयाबीन काढलं तसं विकलं. हमीभाव क्विंटलला 4,892 होता, मला चार हजारानं द्यावं लागलं. फेब्रुवारीत पोरं आली आणि दोन दिवसांत सांगाडा उभा केला. खड्डे गुडघाभरसुद्धा नव्हते. आमची जमीन वर काळी, खाली मुरूम. पाऊस पडला की वरची माती लोण्यासारखी सरकते. मी म्हणालो, मुरूम लागेपर्यंत खाली जा. पोरगा म्हणाला, "काका, डिझाइन असंच आहे." मग पाईपातून पाण्याची धार सोडली, मला शेजारी उभं केलं, अंगठा वर करायला लावला आणि जागेची नोंद असलेला जिओटॅग फोटो काढून गेले. त्या फोटोत माझा पंप आजही चालू असेल.

मेमधल्या अवकाळीत संध्याकाळी अर्धा तास वारं सुटलं. नऊपैकी सात पॅनेल सांगाड्यासकट उपटून पालथी झाली. दोन धड निघाली, ती गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलीत. माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलंय, पाच वर्षं देखभाल-दुरुस्ती आणि विमा. कंपनीला फोन केला तर म्हणतात पंचनामा आणा. तलाठ्यांकडं गेलो तर ते म्हणतात पंचनामा पिकाचा, घराचा, जनावराचा होतो. पॅनेलचा रकानाच नाही. पुन्हा कंपनी, पुन्हा चावडी. एकदा एक मुलगा मोटारसायकलवर आला, चार फोटो काढले, पाणी प्याला, गेला. सात महिन्यांत माझ्या बांधापर्यंत पोचलेलं सरकार म्हणजे तेवढाच तो मुलगा.

यंदा सप्टेंबरात आमच्यावर आभाळ फाटलं. तुम्ही टीव्हीवर बघितलंच असेल. सोयाबीन पाण्यात कुजलं, पण विहीर काठोकाठ भरली. ओणवं झालं की हाताला पाणी लागतं. असं पाणी आमच्या बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात दहा वर्षांत एकदा दिसतं. आणि ते उपसायला माझ्याकडं काय आहे? तासाला सवा लिटर पिणारं इंजिन. गव्हाच्या एका पाण्याला अकरा तास लागतात. डिझेल नव्वदच्या पुढं, भाडं वेगळं.

आता तुम्हीच हिशेब करा. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी जवळजवळ 88 टक्के आपण बाहेरून आणतो. माझ्या डोक्यावर फुकटचं ऊन, मालकीची पॅनेल, भरलेली विहीर, आणि मी परदेशातून जहाजानं आलेलं तेल जाळून गहू भिजवतोय. 'आयात कमी करू' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतो. ती आयात माझ्या बांधावर चार बोल्ट आणि चार खड्ड्यांपायी वाढली, आणि ती तिथं कुणी मोजत नाही.

सप्टेंबरअखेर देशाची वीजनिर्मितीची स्थापित क्षमता 500 गिगावॉटच्या वर गेली. त्यातली निम्म्याहून जास्त सौर, पवन, जल, अणू अशी बिगर-कोळशाची. निम्म्या क्षमतेचं 2030 चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं म्हणून भाषणं झाली. पण क्षमता म्हणजे वीज नव्हे, साहेब. प्रत्यक्षात तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. 2024-25 मध्ये देशातल्या खाणींनी शंभर कोटी टनांचा टप्पा ओलांडला, तरी 24 कोटी टनांच्या वर कोळसा बाहेरून आलाच. ऊन रात्री नसतं, ढगात कमी पडतं, हे मला कळतं. पण माझ्या नऊ पॅनेलची 4,860 वॅट भर उन्हात शून्य देतात आणि क्षमतेच्या आकड्यात पूर्ण धरलेली असतात. अशी किती वॅट गवतात पडलीत, हे तुमच्या खात्याला माहीत असायला नको का?

मी सौरच्या विरोधात नाही. उलट मराठवाड्याला याहून योग्य काही नाही, हे आम्ही परळी बघून शिकलोय. कोळसा जाळायलासुद्धा पाणी लागतं. 2013 मध्ये आणि पुन्हा 2015 मध्ये पाण्यावाचून परळीचं थर्मल, म्हणजे कोळशावरचं वीज केंद्र, बंद ठेवावं लागलं. त्याला पाणी पुरवणारा खडका बंधारा आटला आणि चिमण्यांतला धूर थांबला. माझा मेव्हणा तिथं ठेकेदाराकडं रोजंदारीवर होता, दोन्ही वेळा घरी बसला. संच चालू असले की राख आमची, बंद पडले की बेकारी आमची. वीज मात्र तारांवरून पुढं जाते.

डोंगरावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. रात्री त्यांचे लाल दिवे गावातून दिसतात. त्याच वेळी गावात अंधार असतो. आता गायरानांवर सौर प्रकल्प येतायत. आमच्या गायरानात जनावरं चरायची, तिथं कुंपण आलं. तरी मी म्हणतो, येऊ द्या, दिवसा लाइट मिळणार असेल तर येऊ द्या. फक्त प्रत्येक वेळी जागा आमची, वारं आमचं, ऊन आमचं आणि दुरुस्तीची खेप मारायचीही आम्हीच, हे किती दिवस चालायचं? शेजाऱ्याची जुनी जोडणी आहे, साडेसात एचपीपर्यंत बिल माफ आहे. मी नवीन जोडणी मागितली तर सांगतात सौरच घ्या. घेतला, आणि आता मी दोन्हीकडून बाहेर. आमदारांना भेटलो, ते म्हणाले निवेदन द्या. अशी निवेदनं एका पिशवीत साठवलीत, तीही घेऊन येतो, सांगाल त्या दिवशी.

माझं मागणं फार नाही. वाऱ्यानं पडलेल्या पॅनेलचा पंचनामा कुणी करायचा, हे एका ओळीच्या आदेशानं ठरवा. शेतकऱ्यानं सही केल्याशिवाय एकही तक्रार बंद होऊ देऊ नका. आणि बसवलेल्या पंपांच्या शेजारी चालू पंपांचा आकडाही दर महिन्याला छापा, जिल्ह्यानिशी.

काल रात्री वडील विचारत होते, पुढच्या आठवड्यात लाइट कुठल्या पाळीची आहे, शेजाऱ्याकडून पाणी घेता येईल का. मी नाही म्हणालो. पाळी रात्रीची आहे. रविवारी गव्हाला दुसरं पाणी द्यायचंय, इंजिनवाल्याला सांगून ठेवलंय.

आपला,
एक सौर पंपधारक शेतकरी
जि. बीड