व्यसनमुक्तीच्या सभांची वेळ आणि ठिकाण छापावे

मा. संपादक महोदय,
सादर नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागात दारू सोडू पाहणाऱ्यांच्या सभा कोणत्या वारी, किती वाजता आणि कुठे भरतात, ही माहिती गरजू घरांना सहजासहजी मिळत नाही. ती आपल्या दैनिकातील स्थानिक कार्यक्रमांच्या सदरात नियमितपणे छापली जावी, या एकाच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे. चोर्ला घाटातून येणारी गोवा बनावटीची दारू पकडल्याच्या बातम्या आपण तत्परतेने देता. त्याच पानावर या चार ओळींनाही जागा मिळावी.

माझ्या धाकट्या भावाला आम्ही उपचारासाठी पुण्याला ठेवले होते. तेथून निघताना समुपदेशकांनी आम्हाला बजावले, की औषधोपचाराने शरीर सावरले आहे, आता गावी गेल्यावर लगेच अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसची, म्हणजे ए.ए.ची सभा शोधा. एका रुग्णालयात चौकशी केली तेव्हा मिळालेला पत्ता जुना निघाला, आणि नव्या जागेबद्दल शेजारपाजारी विचारावे तर घरातली गोष्ट चारचौघांत जाईल, या भीतीने पाय अडखळत होते. अखेर पुण्यातल्याच एका सोबत्याच्या ओळखीतून ठिकाण कळले. उपचारानंतरचे पहिले काही महिने सर्वांत नाजूक असतात, आणि आपल्याकडे त्याच काळात लग्नसराई किंवा गावची लक्ष्मी यात्रा आली तर ग्लास पुढे करणारे हात पुष्कळ असतात. नेमक्या अशा दिवसांत आधाराचे ठिकाण शोधण्यात आठवडे जाणे फार धोक्याचे आहे.

ए.ए.ची सुरुवात 1935 साली अमेरिकेतील अॅक्रन शहरात झाली. बिल विल्सन हे शेअर बाजारातील गृहस्थ आणि डॉ. बॉब स्मिथ हे शल्यचिकित्सक, दोघेही दारूने खचलेले, एकमेकांशी बोलत राहिल्याने पिण्यापासून दूर राहू शकले, आणि आजही प्रत्येक सभेत तेच चालते: एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याला आपली हकीकत सांगतो. तेथे फी नाही. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट आहे, आणि खर्च सदस्यांच्या ऐच्छिक वर्गणीतून भागतो.

निनावीपणा हे या संघटनेचे तत्त्व असल्याने सभेची जाहीर माहिती देणेच चुकीचे ठरेल, असे काहींना वाटते. परंतु वृत्तपत्रांत आणि अन्य प्रसारमाध्यमांत सदस्यांची ओळख उघड होऊ नये, असा त्या तत्त्वाचा आग्रह आहे. सभेची वेळ आणि जागा लपवावी असे ते सांगत नाही. म्हणून कोणाही सदस्याचे नाव न देता केवळ वार, वेळ आणि ठिकाण छापल्यास त्याला बाधा येत नाही.

या ओळींत भाषेचाही उल्लेख हवा. आमच्या तालुक्यातील माणूस बाजारात आणि कचेरीत कन्नडमध्ये व्यवहार निभावून नेतो, पण बायकोचे दागिने गहाण टाकल्याची कबुली त्याला मराठीतच देता येते. कन्नड बोलणाऱ्या बांधवांनाही आपल्या भाषेतील सभेची तितकीच गरज आहे, तेव्हा कन्नड दैनिकांनीही हे करावे, असे मी मनापासून म्हणते. सभा खुली आहे की केवळ पिणाऱ्यांसाठी, हेही कळायला हवे, कारण खुल्या सभेला घरची माणसे जाऊ शकतात. काही सभा चर्चच्या आवारातील खोलीत भरतात, हे ऐकून खेड्यातील मंडळी बिचकतात, ए.ए. कोणत्याही धर्माशी किंवा पंथाशी संलग्न नाही आणि ती खोली केवळ जागा म्हणून वापरली जाते, हे एकदा स्पष्ट छापले तर पुष्कळांचा संकोच जाईल. सभा चालवणाऱ्यांनाही एक विनंती आहे: रात्री उशिरा संपणाऱ्या सभेहून गावाकडची शेवटची बस गाठता येत नाही, म्हणून शक्य तेथे रविवारी सकाळी एखादी सभा ठेवावी.

व्यसनी माणसाच्या नातेवाइकांसाठी 1951 पासून अल-अॅनॉन ही स्वतंत्र संघटना काम करते. या भागात तिची सभा भरत असेल तर तीही अवश्य छापावी, कारण या आजारात बायका वर्षानुवर्षे एकट्याच झुरतात. धर्मस्थळ ग्रामाभिवृद्धी योजनेची मद्यवर्जन शिबिरे आणि त्यानंतर चालणाऱ्या नवजीवन समित्या यांच्या तारखाही त्यात याव्यात.

सोबत एक सूचना मात्र ठळक अक्षरांत असावी. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकाएकी दारू बंद केल्यास हातपाय थरथरणे, झटके येणे, भ्रम होणे असे प्रकार दोन-तीन दिवसांत उद्भवून जिवावर बेतू शकते, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे. केंद्र सरकारची व्यसनमुक्ती मदतवाहिनी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस सेवा 14416 हे क्रमांकही तेथेच देता येतील.

सभांच्या जागा बदलत असतात, त्यामुळे महिन्यातून एकदा आपल्या वार्ताहरांनी संबंधितांकडून खात्री करून घ्यावी आणि शनिवारच्या अंकात ही माहिती ठरलेल्या जागी द्यावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, ता. खानापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)