धरणाइतकीच पाणी वापर संस्थाही महत्त्वाची

ग्रामीण विकासाला मोठ्या सरकारी प्रकल्पांवाचून पर्याय नाही, असे मांडणारा आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. तो अर्धाच पटला. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरण सरकारने बांधले हे खरे, परंतु कालव्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या ओझरच्या शिवारात पाणी भरवशाने पोहोचू लागले, ते १९९० च्या दशकात शेतकऱ्यांनी पाणी वापर संस्था स्थापून वाटपाची जबाबदारी स्वतःकडे घेतल्यानंतर. पाणी मोजून घ्यायचे आणि पाणीपट्टी संस्थेनेच गोळा करायची, ही शिस्त केवळ काँक्रीट ओतून येत नाही. अशा संस्थांना २००५ च्या राज्य कायद्याने अधिकारही दिले, तरी अनेक संस्था आजही कागदावरच आहेत. नव्या धरणांसाठी निधी मागताना कालव्यातून शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या चाऱ्यांच्या दुरुस्तीसाठी आणि पाणी मोजण्याच्या साधनांसाठीही तो मागितला पाहिजे.

– एक शेतकरी वाचक, नाशिक